घराच्या बांधकामाचा विमा: वाचकांचे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की घराच्या विम्याबद्दलची पत्रं वाढतात. यंदाच्या बहुतेक पत्रांत 'भारत गृह रक्षा' या पॉलिसीचा उल्लेख आहे. १ एप्रिल २०२१ पासून आगीचा विमा विकणाऱ्या प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला ही प्रमाणित पॉलिसी ठेवावीच लागते आणि तिची मूळ कलमं सगळीकडे सारखी असतात. प्रीमियम आणि वरून घ्यायची जोडकलमं तेवढी कंपनीगणिक बदलतात. वेगळा उल्लेख नसेल तिथे खालची उत्तरं याच पॉलिसीला धरून आहेत.

पुण्यात ९० लाखांना घेतलेला फ्लॅट आहे. एजंट २१ लाखांचाच विमा पुरे म्हणतो. बाकीच्या ६९ लाखांचं काय?
– वाचक, पुणे

एजंट बरोबर सांगतोय. ९० लाखांतला मोठा हिस्सा जागेचा, म्हणजे जमिनीचा आणि परिसराचा आहे. आग लागली, भूकंप झाला तरी जमीन जागेवरच राहते. विमा असतो तो विटा, सिमेंट, लोखंड, दारं-खिडक्या, वायरिंग, नळ हे सगळं आज पुन्हा उभं करायला लागणाऱ्या खर्चाचा. बाजारभावाने विमा काढलात तरी भरपाई बांधकामाच्या खर्चाएवढीच मिळते, जास्तीचा हप्ता मात्र दरवर्षी जातो.

रक्कम काढायची रीत अशी: कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा दर. कार्पेट एरियात आतल्या पार्टिशनच्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती आणि सर्व्हिस डक्ट धरत नाहीत. बाल्कनी, व्हरांडा, गच्ची, पार्किंग यांचं क्षेत्रफळ २५ टक्केच धरायचं. म्हणजे ६५० चौरस फुटांचा फ्लॅट आणि ८० फुटांची बाल्कनी असेल, तर ६५० अधिक २० असे ६७० चौरस फूट. प्रस्ताव अर्जात आकडा चौरस मीटरमध्ये लागतो, म्हणून १०.७६४ ने भागा: ६२.२ चौरस मीटर.

दर टाकताना बहुतेकांची चूक होते. कंत्राटदार जो दर सांगतो तो बिल्ट-अप क्षेत्रावर असतो. अर्जात तोच दर कार्पेटला लावला, तर बाहेरच्या भिंती, जिना, लॉबी यांतला तुमचा वाटा हिशेबातून गळतो. समजा कंत्राटदाराचा दर २,५०० रुपये फूट आहे आणि बिल्ट-अप क्षेत्र कार्पेटच्या सव्वापट आहे. मग कार्पेटवर लावायचा दर ३,१२५ झाला. ६७० गुणिले ३,१२५, म्हणजे २० लाख ९४ हजारांच्या आसपास. एजंटाचे २१ लाख याच जातीच्या हिशेबातून आले असणार. तरी त्याने कोणतं क्षेत्रफळ आणि कोणता दर धरला ते लेखी मागून घ्या. क्षेत्रफळ कमी दाखवून हप्ता वाचवायचा मोह टाळा, कारण दाव्याच्या वेळी नुकसान मोजायला कंपनीने नेमलेला सर्व्हेअर टेप घेऊनच येतो.

इमारतीचा विमा काढला की घरातल्या सामानाचा विमा आपोआप मिळतो: इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, पण १० लाखांच्या वर नाही. तुमच्या बाबतीत तो सव्वाचार लाखांच्या घरात जाईल. दागिने आणि मौल्यवान वस्तू त्यात येत नाहीत, त्यांचं कलम वेगळं घ्यावं लागतं. पॉलिसी १० वर्षांपर्यंत एकदम काढता येते. दीर्घ मुदतीच्या पॉलिसीत विम्याची रक्कम दर वर्षाला १० टक्क्यांनी आपोआप वाढते. बांधकामाचे दर वाढत असताना ही सोय बारीकशी वाटली तरी फार कामाची आहे.

घर जांभ्या चिऱ्याचं, कौलारू. वादळात कौलं उडाली, नारळ पडून गडग्याचा काही भाग कोसळला. पुढच्या वेळेसाठी यातलं काय काय विम्यात बसेल?
– वाचक, गुहागर

चिऱ्याच्या भिंती आणि मंगलोरी कौलं असलेलं घर कच्च्या बांधकामात मोडत नाही. पॉलिसीच्या व्याख्येत कच्चं म्हणजे गवत, बांबू, फळ्या, ताडपत्री, प्लॅस्टिक यांच्या भिंती किंवा छप्पर. पण घराला लागून झापांची पडवी किंवा ताडपत्रीचा मांडव असेल, तर तो अर्जात वेगळा लिहा. नाहीतर दाव्याच्या वेळी त्याच्यावरून अख्ख्या घराबद्दल वाद निघतो.

वादळाने कौलं, रिपा, वासे यांचं झालेलं नुकसान आणि झाड कोसळून बसलेला फटका ही दोन्ही विम्यातली संकटं आहेत. उडालेल्या छपरातून पाऊस आत शिरून गिलावा पडला, तर तोही त्याच दाव्यात मांडता येतो. कुजलेला वासा पावसाच्या वजनाने मोडला, तर मात्र कंपनी झीज म्हणून नाकारेल. म्हणून मे महिन्यात कौलं चाळून घेतलीत की पोटमाळ्यातून वाशांचे आणि आढ्याचे फोटो काढून ठेवा. लाकूड शाबूत होतं हे नंतर दाखवायला दुसरा पुरावा नसतो.

कंपाउंडची भिंत, फाटक, विहिरीवरचं पंपघर, पाण्याची टाकी, सोलर पॅनेल हे सगळं 'घराची इमारत' या व्याख्येत बसतं, पण कार्पेट एरियाच्या गुणाकारात येत नाही. त्यांची रक्कम वेगळी मांडावी लागते. गडगा किती फूट लांब, किती उंच, चुन्यात की कोरडा रचलेला, हे लिहून द्या. पडलेल्या नारळाची, सुपारीची भरपाई या पॉलिसीत नाही.

कृष्णेचं पाणी २०१९ आणि २०२१ मध्ये घरात आलं होतं. आता विमा घेतला आहे. पुन्हा पूर आला तर दावा कसा करायचा, क्रमाने सांगा.
– वाचक, सांगली

पाणी शिरायच्या आधीच्या कामापासून सुरुवात करा, कारण अर्धा दावा तिथे ठरतो. प्रत्येक खोलीच्या चारही भिंती, फरशी, स्विचबोर्ड, दरवाजाच्या चौकटीचा खालचा भाग यांचे फोटो आजच काढा आणि स्वतःलाच ईमेल करून ठेवा. तारीख त्यावर आपोआप राहते.

पाणी ओसरल्यावर घरात पाऊल टाकण्याआधी मीटरजवळचा मेन स्विच बंद आहे का बघा. मग भिंतीवरची पाण्याची रेघ. ती धुण्याआधी तिच्याशेजारी टेप धरून प्रत्येक खोलीत फोटो घ्या. लोक घाईघाईने भिंती धुतात आणि पाणी किती फूट चढलं होतं याचा एकमेव पुरावा गटारात जातो. घरभर गाळ ठेवून बसा असं कुणी म्हणत नाही. फोटो झाले की गाळ काढा, पण फुगलेली दारं, सुटलेलं प्लायवूड, जळलेले स्विच कोपऱ्यात जमवून ठेवा. सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय भंगारवाल्याला देऊ नका.

कंपनीला त्याच दिवशी कळवा. फोन केलात तरी ईमेलही करा आणि दाव्याचा क्रमांक मागून घ्या. दाव्याचा भरलेला फॉर्म नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो. तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो, विम्याचा सर्व्हेअर वेगळा. तरी पंचनाम्याची प्रत जोडा. पूर आला होता आणि तुमच्या घरात आला होता, या दोन्ही गोष्टी त्याने एकदम सिद्ध होतात.

अंदाजपत्रक मोघम नको. 'हॉलची दुरुस्ती, ८०,००० रुपये' असं लिहून आणलंत की सर्व्हेअर हवं तेवढं कापतो. त्याऐवजी: हॉल, चार भिंती, जमिनीपासून ५ फूट उंचीपर्यंत गिलावा खरवडणे आणि नव्याने करणे, इतके चौरस मीटर, इतका दर. फरशीवर लाकडी दांड्याने ठोकून जिथे बद्द आवाज येतो तिथल्या फरश्या खडूने खुणावून मोजा. खालचा थर वाहून गेल्याची ती खूण असते.

एक गोष्ट खास पुराची. विटेची भिंत पाणी वर ओढते. रेघ चार फुटांवर असली तरी ओल पाच-सहा फुटांपर्यंत चढलेली असते, आणि भिंत वाळू लागली की काही आठवड्यांनी पांढरे क्षार फुटून रंग आणि गिलावा सुटतो. सर्व्हेअर पहिल्या आठवड्यात येतो तेव्हा हे काहीच दिसत नाही. म्हणून त्याला लेखी कळवा की भिंती अजून ओल्या आहेत, वाळल्यावर पुन्हा पाहणी व्हावी. आणि 'दाव्याची संपूर्ण व अंतिम रक्कम मिळाली' असं लिहिलेल्या व्हाउचरवर तोवर सही करू नका. नव्या गिलाव्याचीही घाई करू नका. ओल्या भिंतीवर चढवलेला गिलावा पुढच्या उन्हाळ्यात पापुद्र्यासारखा निघतो, आणि त्याची भरपाई दुसऱ्यांदा कुणी देत नाही.

मलबा हटवण्याचा खर्च दाव्याच्या रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत आणि आर्किटेक्ट, सर्व्हेअर, अभियंता यांची तुम्ही दिलेली फी ५ टक्क्यांपर्यंत मिळते. ही कलमं लोक मागतच नाहीत. घर राहण्यासारखं नसेल, तर दुसरीकडच्या भाड्याचीही तरतूद पॉलिसीत आहे. त्यासाठी भाडेकरार, पावत्या आणि घर राहण्यायोग्य नसल्याचा अभियंत्याचा किंवा महापालिकेचा दाखला जमवा.

वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून गळून आमच्या छताचा गिलावा पडला. दावा लागेल का?
– वाचक, डोंबिवली

महिनोन्महिने झिरपत असेल तर नाही. पाण्याची टाकी किंवा पाइप अचानक फुटून, भरून वाहून झालेलं नुकसान विम्यात आहे. वॉटरप्रूफिंग गेल्यामुळे येणारी ओल देखभालीत मोडते. फोटोतच फरक कळतो. झिरपलेल्या छतावर एकात एक पिवळट वर्तुळं आणि बुरशी असते, पाइप फुटल्यावर एकच ताजा, मोठा डाग. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत संडास-बाथरूमच्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदस्यांवर आहे, तेव्हा सोसायटीला पत्र देऊन वरच्यांशी बोलणं हाच मार्ग.

शॉर्ट सर्किटने एसी जळला, पडदे पेटले, खोली काळी झाली. कंपनी म्हणते शॉर्ट सर्किट पॉलिसीत नाही.
– वाचक, नागपूर

कंपनी अर्धंच कलम वाचून दाखवते आहे. ज्या उपकरणात बिघाड झाला ते उपकरण वगळलेलं आहे, म्हणजे एसीचे पैसे मिळणार नाहीत. तिथून पसरलेल्या आगीने जळलेली भिंत, छत, वायरिंग, फर्निचर हे सगळं देय आहे. नकाराच्या पत्राला उत्तर देताना हेच लिहा: वगळणूक फक्त त्या विशिष्ट यंत्रापुरती आहे. सोबत अग्निशमन दलाचा अहवाल आणि अधिकृत वायरमनचा दाखला द्या. आग कुठल्या बिंदूपासून सुरू झाली ते दाखल्यात स्पष्ट असू द्या.

शेजारच्या प्लॉटवर बिल्डरने तळघरासाठी खोदकाम केलं आणि आमच्या बंगल्याला तडे गेले. जमीन खचणं विम्यात आहे ना?
– वाचक, नाशिक

जमीन खचणं, दरड कोसळणं विम्यात आहे. पण त्याच कलमात खोदकाम, पाडकाम, बांधकाम किंवा दुरुस्ती यांमुळे बसलेला धक्का वगळलेला आहे. तसंच नव्या इमारतीचं नैसर्गिक बसणं, भरावाच्या जमिनीची हालचाल, नदी किंवा समुद्राने केलेली धूप आणि सदोष आराखडा किंवा माल हेही. त्यामुळे तुमच्या विमा कंपनीकडून आशा ठेवू नका. पैसे बिल्डरकडून मागायचे आहेत.

त्यासाठी तडे वाढताहेत हे सिद्ध करावं लागेल. प्रत्येक तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख घाला, आणि तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा. तडा हलला की काच फुटते. दर आठवड्याला रुंदी मिलिमीटरमध्ये लिहा. संरचना अभियंत्याचा अहवाल घेऊन बिल्डरला आणि महापालिकेच्या नगररचना विभागाला लेखी कळवा. खोदकामाच्या बाजूला आधारभिंत किंवा शीट पाइल (माती धरून ठेवायला जमिनीत ठोकलेले पोलादी पत्रे) आहेत का, याचे फोटो रस्त्यावरून का होईना, घेऊन ठेवा. खड्डा भरला गेला की ते परत मिळत नाहीत.

सोसायटीचा विमा आहे. मग प्रत्येकाने वेगळा काढायची गरज काय?
– सचिव, ठाणे

आदर्श उपविधींप्रमाणे आग आणि भूकंप यांचा विमा काढणं सोसायटीवर बंधनकारक आहे. पण तो कसा काढलाय ते क्वचितच कुणी वाचतं. तीन गोष्टी बघा. विमा संपूर्ण इमारतीचा आहे की फक्त जिना, लिफ्ट, पंपघर अशा सामाईक भागांचा? पूर-वादळ त्यात आहे का? आणि रक्कम किती वर्षांपूर्वीची?

तिसरा प्रश्न सगळ्यांत महागात पडतो. भारत गृह रक्षामध्ये रक्कम कमी पडली म्हणून दावा प्रमाणात कापत नाहीत. सोसायट्यांच्या जुन्या धाटणीच्या पॉलिसींत मात्र सरासरीचं कलम असतं. इमारत पुन्हा बांधायला ८ कोटी लागणार आणि विमा २ कोटींचा, म्हणजे चौथा हिस्सा. आगीत ४० लाखांचं नुकसान झालं तर कंपनी १० लाख देणार, जरी ४० लाख विम्याच्या रकमेच्या आतच असले तरी. सर्वसाधारण सभेत हे उदाहरण मांडा, हप्ता वाढवायला हात वर होतील.

सोसायटीची पॉलिसी नीट असेल तर सदस्याने आतल्या कामापुरता विमा काढावा: मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, बसवलेली कपाटं, सामान. एकाच नुकसानाचे पैसे दोन्हीकडून मिळत नाहीत. इमारत पुनर्विकासाला निघाली असेल, तर पाडकाम सुरू व्हायच्या आधी पॉलिसीचं काय करायचं ते कंपनीला विचारा, कारण पाडकामातलं नुकसान कुणीच भरून देत नाही.

बँकेने कर्जासोबत विमा दिला होता. तो घराचाच असतो ना?
– वाचक, कोल्हापूर

पॉलिसीचं पहिलं पान काढून बघा. बरेचदा तो कर्जदाराच्या आयुष्याचा विमा निघतो. कर्जदार गेल्यास बँकेचं कर्ज फिटतं, घर जळाल्यास छदामही मिळत नाही. घराचा असेल तरी रक्कम कर्जाएवढी टाकलेली असण्याची शक्यता मोठी. तिचा बांधकामाच्या खर्चाशी काही संबंध नसतो. बँक विमा मागू शकते, कंपनी निवडायचा हक्क तुमचा. पॉलिसीवर बँकेच्या नावाचं कलम असतं, त्यामुळे मोठ्या दाव्याचे पैसे आधी बँकेकडे जातात. कर्ज फिटलं की ते नाव लेखी अर्ज करून काढून घ्या. हे राहून गेलं तर ऐन दाव्याच्या वेळी बँकेच्या ना हरकत पत्रासाठी खेटे पडतात.

घर ३० वर्षं जुनं म्हणून सर्व्हेअरने ४० टक्के घसारा कापला. हे चालतं का?
– वाचक, सोलापूर

पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये कोणता आधार लिहिला आहे त्यावर अवलंबून आहे. भारत गृह रक्षामध्ये इमारत नवी असताना होती तशी करून देण्याचा वाजवी खर्च मिळतो, वयाचा घसारा नाही. बाजारमूल्यावर काढलेली पॉलिसी असेल तर घसारा नियमानेच कापला आहे. आणि एक मर्यादा दोन्हीकडे आहे: शहाबादी फरशी होती तिथे ग्रॅनाइट घातलंत, तर फरकाचे पैसे तुमचे.

आधी सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या मास्टर परिपत्रकाप्रमाणे दावा नोंदवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, १५ दिवसांत अहवाल आणि त्यानंतर ७ दिवसांत निर्णय, अशी कालमर्यादा आहे. प्रत हाती आली की कापलेल्या प्रत्येक ओळीसमोर कंपनीने कुठलं कलम लावलं ते लेखी विचारा. 'कंपनीच्या धोरणाप्रमाणे' हे उत्तर नव्हे.

मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुणे इथे त्यांची कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. अंतिम नकारानंतर एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि त्याच प्रकरणी ग्राहक आयोगात किंवा कोर्टात दावा चालू असेल तर लोकपाल हात घालत नाही. अर्जाला पॉलिसीची पूर्ण प्रत, अहवाल, तुमचं ओळवार अंदाजपत्रक आणि घसारा कापलेल्या आकड्यांचा तक्ता जोडा.